चालू ठेवायची गोळी

"मॅडम, ही डोळ्यांवर परिणाम करणारी गोळी आता बंदच केलेली बरी ना? म्हणजे, या दिवसांत?" यंत्राच्या टेकूवर हनुवटी ठेवता ठेवता त्या मुलीनं सहज विचारलं, आणि तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी बसवणारा थोरलीचा हात तिथंच थांबला. पट्टीचं इलास्टिक बोटांतून निसटून मुलीच्या कानशिलावर फटकन बसलं. मुलगी हसली. "लागलं नाही हं," तिनंच उलट थोरलीची समजूत काढली. थोरलीनं पट्टी परत बसवली. डोळ्यांच्या इस्पितळातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या काळोख्या खोलीत ती सतरा वर्षं हे एकच काम करत आली होती. माणसाला पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रासमोर बसवायचं, एक डोळा झाकायचा, हातात बटण द्यायचं आणि त्याची नजर मधोमध आणि कडेला किती पोचते त्याचा नकाशा काढायचा. या खोलीत लोक काय वाटेल ते विचारत. दिवा किती वेळ चालेल, मोतीबिंदू कापतात की विरघळवतात, आपण बटण चुकीचं दाबलं तर नापास होऊ का. सगळ्यांची उत्तरं तिच्या तोंडात तयार असत. या प्रश्नाचं उत्तरही तिनं एकदा दिलं होतं. अगदी तयार असल्यासारखं.

टेबलावर मुलीची फाइल उघडी होती. वय पंचवीस. ल्युपस. गोळी सुरू होऊन तीन वर्षं. गरोदरपणाचा चौथा महिना. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर फिकट लालसर डाग होते, पावडर लावून झाकायचा प्रयत्न केला की उलट जास्त दिसतात तसे. थोरलीनं ते डाग फाइल वाचायच्या आधीच ओळखले होते, पण ओळख दाखवली नव्हती. "डोकं हलवू नका," ती म्हणाली. "मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहा. कडेला कुठंही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. शोधायला जायचं नाही. पापण्या लवल्या तरी चालतील." मुलीनं मान डोलवायला डोकं उचललं, मग लक्षात येऊन परत टेकवलं. "आणि गोळीचं?" "आधी हे होऊ दे," थोरली म्हणाली आणि तिनं दिवा मालवला.

एका डोळ्याला सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत तिला काहीच करायचं नसे. बटणाची टिकटिक ऐकायची, पडद्यावर रुग्णाची बुबुळं हलत नाहीत ना तेवढं बघायचं. एरवी ती मनातल्या मनात घरी काय संपलंय, काय आणायचंय ते जुळवत बसे. आज पडद्यावर तो मोठा, ओलसर, जराही न हलणारा डोळा दिसत होता आणि तिला धाकटी दिसायला लागली. दोघींत नऊ वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा धाकटी सातवीत होती, आणि शाळेच्या अर्जावर पालक म्हणून थोरलीनं सही केली ती अशी की जणू जन्मभर पालकच होती. धाकटीचे केस विंचरले, धाकटीचा ताप उतरवला, धाकटीला नोकरीच्या मुलाखतीला नेऊन बाहेर बाकावर बसून राहिली. आपण सांगायचं आणि तिनं ऐकायचं, हा त्या दोघींचा रिवाज होता, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. बाविसाव्या वर्षी धाकटीची बोटं सकाळी आखडायला लागली. बरणीचं झाकण उघडेना. मग गालांवर डाग आले, केस गळायला लागले, दुपारी चार वाजताच बॅटरी संपल्यासारखी ती आडवी व्हायची. वर्षभर या दारातून त्या दारात झाल्यावर एका सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराला ल्युपस असं नाव दिलं आणि समजावून सांगितलं, की आपल्या रक्षणासाठी शरीरात जी फौज असते ती चुकून आपल्याच अंगावर चालून येते. धाकटी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे डॉक्टर, माझं माझ्याशीच पटत नाही." डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या होत्या. थोरलीला तेव्हा हसू आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, जुळवून देऊ. सगळ्यांशी जुळवून दिलंय तिचं, हेही देऊ.

आणि दिलंही. उन्हात जायचं नाही म्हणून धाकटीनं छत्री घेतली, बाराही महिने. तिला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर तक्रारी ऐकून घ्यायची नोकरी मिळाली, आत बसून करायची, आणि ती तिला झकास जमली. लोक नळाला पाणी नाही म्हणून फोन करायचे आणि पंधरा मिनिटांत सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागायचे. कचेरीतली लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत धाकटी आणि दाराबाहेर लिफ्ट दुरुस्त करणारा. पाऊण तास तो बंद दाराशी तोंड लावून तिच्याशी बोलत राहिला, घाबरू नये म्हणून. लग्नानंतर तो सगळ्यांना सांगायचा, चेहरा बघायच्या आधी होकार दिलेला मी एकटाच. आजाराचं त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "मशीन कुठलं का असेना, देखभाल वेळच्या वेळी ठेवली की चालतं." आणि त्यानं खरंच स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला होता, कुठली गोळी कधी.

मूल हवं म्हणून दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही. थांबा म्हटलं. आजार सलग सहा महिने शांत हवा, लघवीत प्रथिनं नकोत, रक्तदाब ताब्यात हवा. एक कडक गोळी त्यांनी बंद केली, कारण ती बाळाला घातक. तिच्या जागी सौम्य दिली आणि त्यावर सगळं स्थिर राहतंय का ते बघितलं. बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची लहानशी गोळी घ्यायची. दर महिन्याला लघवी आणि रक्त. धाकटीच्या रक्तात एक द्रव्य होतं, त्यानं क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून ते ठोके पुनःपुन्हा तपासायचे. आणि ती पांढरी गोळी, आज ही मुलगी विचारत होती तीच, मूळची मलेरियावरची, पुढं या आजारावर चालू लागलेली, ती मात्र चालू ठेवायची. कागदावर त्यांनी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. थोरलीनं तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दोन रेघा. दुसरी इतकी दाबून मारलेली की मागच्या बाजूनं हाताला लागायची.

"मॅडम, दिसलं नाही तरी दाबलं तर?" मुलगी यंत्राच्या पोकळीत तोंड ठेवून पुटपुटली. "कळतं ते," थोरली म्हणाली. "मध्ये मध्ये काहीच न दाखवता बघतं यंत्र, तुम्ही दाबता का ते." "अग्गोबाई," मुलगी म्हणाली आणि गप्प झाली. उजवा डोळा संपला. थोरलीनं पट्टी बदलली, या वेळी नीट, आणि परत दिवा मालवला.

याच खुर्चीवर बसली होती धाकटी. आठवा आठवडा, तोंडाला पाण्याची चव न लागणारे दिवस. डोळ्यांची वर्षाची तपासणी होती. निकाल स्वच्छ आला. ती उठलीच नाही, खुर्चीत तशीच मागं रेलून म्हणाली, "ताई, ती गोळी घेतली की सगळं बाहेर येतं. आणि एक गोळी बाळाला वाईट म्हणून बंद केली, मग दुसरी चांगली कशावरून?" प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. आणि थोरलीला त्या क्षणी जी बाई आठवली ती आठवायला नको होती. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आली होती. हीच गोळी चौदा वर्षं, दुप्पट मात्रेत, एकदाही डोळे न तपासता घेतलेली. तिच्या नकाशाच्या मधोमध एक काळं कडं उमटलं होतं. तिला दाराची चौकट दिसायची, दारात उभं राहिलेलं माणूस दिसायचं नाही. इतक्या वर्षांत अशी एवढी एकच बाई, पण एकदा पाहिल्यावर विसरता येण्याजोगी नव्हती. थोरली डॉक्टर नव्हती. वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या इतक्या जवळ बसत आली होती की हा फरक तिला स्वतःला क्वचितच आठवायचा. ती म्हणाली, "मी असते तर नसती घेतली. पहिले काही महिने तरी. याच दिवसांत बाळाचे डोळे घडतात." धाकटी म्हणाली, "डॉक्टरांना विचारू का?" आणि थोरली म्हणाली, "विचारलंस तर त्या घेच म्हणणार. त्यांना तुझे सांधे दिसतात. बाळाचं कोण बघणार?"

ते वाक्य तिनं नंतर इतक्या वेळा मनात उगाळलं होतं की आता त्याला स्वतःचा आवाजही राहिला नव्हता. बोलताना आपण पट्टी घडी करून खणात ठेवत होतो हे आठवायचं. धाकटीच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी पसरलं होतं तेही. कुणीतरी आपल्या मनातलं बोललं की पसरतं ते. आधी तर काहीच बिघडलं नाही. उलट ओकाऱ्या थांबल्या, गालांवर तेज आलं, आणि थोरली त्या तेजाकडे बघून मनात म्हणायची, पाहिलंत? मोठ्या आल्या दोन रेघा मारणाऱ्या. त्या गोळीचा अंश शरीरातून ओसरायला कैक आठवडे लागतात, हे तिला ठाऊक नव्हतं. तक्त्यावरच्या चौकटींत धाकटी रोज बरोबरच्या खुणा करत राहिली, नवऱ्याला काळजी नको म्हणून. ॲस्पिरिन वेळेवर, बाकीच्या गोळ्या वेळेवर. बाळाचे ठोके प्रत्येक वेळी ठणठणीत निघाले. एकोणिसाव्या आठवड्यात चपलेचा पट्टा पायाला काचायला लागला.

दुसरा डोळाही झाला. थोरलीनं दिवा लावला. मुलगी डोळे चोळत बसली. नकाशा छापून आला, दोन्ही बाजूंनी स्वच्छ, जिथं नैसर्गिक आंधळा ठिपका असायचा तिथंच तो एवढासा. "छान आहे," थोरली म्हणाली. "मग सांगा ना," मुलगी म्हणाली. "माझी जाऊ म्हणते, पोटात बाळ असताना गोळी म्हणजे बाळालाच पाजल्यासारखं. डॉक्टर घे म्हणतात. पण त्यांचं काय, ते सगळ्यांनाच घे म्हणतात."

"एक दिवससुद्धा बंद करायची नाही," थोरली म्हणाली. खोलीला तो आवाज मोठा झाला. मुलगी दचकली. थोरलीनं खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली, जे ती कधी करत नसे. "नीट ऐका. मी डॉक्टर नाही. मी इथं यंत्र चालवते. म्हणून माझं नका ऐकू, तुमच्या जावेचंही नका ऐकू. तुमच्या डॉक्टरांना आत्ता माझ्यासमोर फोन लावा आणि विचारा. डोळ्यांचं आम्ही दर वर्षी बघू. डोळ्यांना धोका होतो तो वर्षानुवर्षं जास्त मात्रा घेऊन, तपासणी न करता. पण ही गोळी सुटली तर आजार उसळतो, आणि या दिवसांत उसळला तर..." मुलीनं मुकाट्यानं फोन काढला. पलीकडून एका पुरुषाचा घाईतला पण सरळ आवाज आला, की गोळी चालूच ठेवायची, आणि असं मनात आलं की आधी मला विचारत जा, रागावणार नाही. मुलीनं फोन ठेवला आणि तिचे ताठलेले खांदे सैल झाले. मग कुतूहलानं थोरलीकडे बघत म्हणाली, "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"माझ्या बहिणीला आहे."

"हो? त्यांना झालं मूल?"

"झालं."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"अय्या. केवढी आहे?"

थोरलीनं नकाशाच्या कागदाच्या कडा जुळवल्या. "होईल आता दोन वर्षांची," ती म्हणाली. मुलीचा चेहरा असा उजळला की बघवेना. "बघा, म्हणजे होतं," असं म्हणून तिनं पोटावर हात ठेवला, फाइल घेतली आणि आनंदानं गेली. थोरली दार लोटून काळोखात उभी राहिली. आपण खोटं बोललो का, हे तिला ठरवता येईना. होईल, एवढंच तर म्हटलं. झाली असती, हे म्हणायला फार काही लागत नाही, नुसतं एक क्रियापद बदलायचं. ते बदललं नाही, त्या पोरीला धीर यावा म्हणून. पण खरं सांगायचं तर बोलताना, तेवढ्या दोन शब्दांपुरती, ती दोन वर्षांची मुलगी थोरलीला दिसली होती, घरभर चालणारी. तिला तोंड मात्र नव्हतं. तिला तोंड कसं असणार? थोरलीनं ते पाहिलंच नव्हतं. तिनं पुढच्या दोन तपासण्या बरोबर काम करणाऱ्या बाईंकडे सोपवल्या, अर्धी रजा टाकली आणि चपला घालून खाली उतरली.

धाकटीचं घर चालत अर्ध्या तासावर. बसनं दहा मिनिटं. ती चालत निघाली. दुकानांच्या काचांतून आपली तिरपी आकृती तिच्याबरोबर चालत होती. चपलेच्या पट्ट्यानंतर सगळं भराभर झालं होतं. लघवीला फेस, डोळ्यांखाली सूज, गुडघे पेटलेले. रक्तदाब वर गेला तो खाली यायचं नाव घेईना. धाकटीला इस्पितळात ठेवलं. डॉक्टरीणबाई कागद चाळता चाळता थबकल्या आणि म्हणाल्या, "पांढरी गोळी चालू आहे ना?" धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "आठव्या आठवड्यापासून बंद आहे." नवऱ्याचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी त्याच्या पायांखालून मजला काढून घेतलाय. "कुणी सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आवाज न चढवता. खोलीत चौघंच होती. थोरलीच्या हातात थर्मास होता, आणि थर्मासचं झाकण ती घट्ट असूनही आणखी घट्ट करत होती. "कुणी नाही," धाकटी म्हणाली. "मीच केली. मळमळायचं." डॉक्टरीणबाईंनी हातातले कागद मिटले. मग म्हणाल्या, "हे बघ, गोळी घेऊनही उसळतो कधी कधी. याच्यामुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत." त्या बाहेर गेल्यावर थोरलीनं त्या एका वाक्याला मुठीत धरलं ते आजतागायत. नाही सांगू शकत. छातीवर हात ठेवून नाही. पण सकाळी दात घासताना आरशात दिसायचं तोंड, ते सांगू शकायचं.

औषधांची मात्रा वाढवली, गोळीही परत सुरू केली, सहा-सात आठवडे कसेबसे ओढले. सत्ताविसाव्या आठवड्यात बाळाला बाहेर काढावं लागलं, नाहीतर दोघीही हातच्या गेल्या असत्या. सातशे वीस ग्रॅम. काचेच्या पेटीत नऊ दिवस. पाळीपाळीनं एकेका नातेवाइकाला आत सोडत. नवरा जायचा, त्याची आई जाऊन आली. थोरली रोज सकाळी यायची, डबा आणायची, कपडे न्यायची, औषधांच्या रांगेत उभी राहायची, आणि नर्सनं "मावशी, तुम्ही येता का आत?" असं विचारलं की म्हणायची, "मला जरा सर्दी आहे, उगाच लागण नको." नऊ दिवस तिला सर्दी होती. नर्सही शेवटी विचारायची थांबली. दहाव्या दिवशी सर्दीची गरज उरली नाही. धाकटीचं मूत्रपिंड अर्ध्यावर सावरलं आणि तिथंच राहिलं. पुन्हा मूल नको, हे डॉक्टरीणबाईंनी या वेळी थांबा न म्हणता सांगितलं. आणि त्यानंतर थोरली दर आठवड्याला धाकटीकडे जात आली होती. कधी फळं, कधी उशांचे अभ्रे, कधी उन्हासाठी नवं मलम. ते देऊन झालं की एक तास बसायची. बसल्या बसल्या घसा खाकरायची. मग म्हणायची, चल, निघते.

धाकटी सुट्टीवर होती. दार उघडून म्हणाली, "आज कशी काय? बरी आहेस ना?" घरात नेहमीचा अंधूक उजेड. खिडक्यांना जाड पडदे, आणि सोफ्यावर दोरीवरून काढलेल्या चादरींचा ढीग. "आलीच आहेस तर धर," असं म्हणत धाकटीनं चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. चादर ताणली, झटकली, अर्धी केली. धाकटीची बोटं मधल्या पेरांवर जरा वाकलेली, ती टोकं चिमटीत धरायची नाही, मुठीत धरायची. "एक मुलगी आली होती तपासणीला," थोरली म्हणाली. "चौथा महिना. तुझाच आजार. गोळी बंद करू का विचारत होती."

धाकटीचे हात थांबले नाहीत. "मग?"

"डॉक्टरांना फोन लावायला लावला. चालू ठेव म्हणाले."

"बरं केलंस." चादर चौपदरी झाली. धाकटीनं ती ढिगावर ठेवली, दुसरी उचलली.

"तिनं विचारलं तुझ्या बहिणीला मूल झालं का. मी मुलगी म्हटलं. केवढी आहे म्हणाली. मी म्हटलं, होईल आता दोन वर्षांची."

आता धाकटी थांबली. चादर दोघींच्या मध्ये झोळीसारखी लोंबली. "पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "अकरा तारखेला. बरोबर सांगितलंस." आणि तिनं आपली टोकं परत ताणली. थोरलीच्या हातातली टोकं मात्र सुटली. "अगं, मीच ते," ती म्हणाली, "माझ्यामुळंच ते सगळं, मी त्या दिवशी तुला..." आणि दोन वर्षं खाकरून खाकरून जे वर आलं नव्हतं ते सगळं एकदम घशाशी आलं, शब्दांच्या आधी रडणंच. ती सोफ्यावर चादरींवर बसली आणि तोंडाला पदर लावला.

धाकटी उभीच राहिली. जवळ आली नाही. "ताई, रडू नकोस," ती म्हणाली, पण समजूत काढणाऱ्या आवाजात नाही. "मला माहीत आहे. मला काय नव्यानं कळायचंय? मी त्या खुर्चीवर बसले होते. दर आठवड्याला येतेस, घसा खाकरतेस, मी म्हणते आज बोलणार ही. आणि मनात म्हणते, नको बोलू दे. कारण बोललीस की रडशील, आणि रडलीस की तुला जवळ घेऊन सांगावं लागणार, जाऊ दे, तुझा काय दोष. दिवसभर लोकांचं ऐकून घेते मी. नळाला पाणी नाही म्हणतात, ऐकते. मुलगा बघत नाही म्हणतात, ऐकते. तुझं हे नाही ऐकवत मला. तुझा दोष नाही असं मला म्हणता येत नाही. दोष आहे असंही म्हणायचं नाही. गोळी शेवटी मीच फेकत होते, रोज, बेसिनमध्ये. तू सांगितलंस म्हणून आणि मला तेच ऐकायचं होतं म्हणून. ते दोन्ही माझ्याजवळ आहे. तुझं तू बघ."

थोरलीनं पदर खाली घेतला. धाकटीला असं बोलताना तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. लहानपणी धाकटीला रागावल्यावर व्हायचं तसंच झालं, पण उलट्या बाजूनं. आपणच सातवीत, आणि समोर उभी आहे ती मोठी. रडणं आपोआप थांबलं, कारण ते घ्यायला कुणी नव्हतं. बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिची पिपाणी बराच वेळ वाजून बंद झाली. धाकटी वळली, स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली, टेबलावर ठेवला, आणि समोरच्या खुर्चीवर बसली. दम लागला होता तिला. गालांवरचे डाग गडद झाले होते. "पाणी पी," ती म्हणाली. थोरली प्यायली. निघते म्हणायची वेळ झाली होती. ती म्हणाली नाही.

"मी तिला पाहिलं नाही," ती म्हणाली. "नऊ दिवसांत एकदाही."

"माहीत आहे. सर्दी होती तुला."

धाकटीच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. ते हसू होतं की दुसरंच काही, थोरलीला कळलं नाही. "कुणीच विचारलं नाही मला," धाकटी म्हणाली. "वजन किती ते विचारलं. दिवस किती ते विचारलं. घरी आल्यावर तर सगळे असे वागायला लागले की जणू मी नुसतंच आजारपण काढून आले. हासुद्धा बोलत नाही. मी तिचा विषय काढला की उठून कसला तरी स्क्रू पिळत बसतो. कशी होती, एवढं कुणी विचारलं नाही."

थोरलीला वाटलं आपल्याला विचारायचा अधिकार नाही. मग वाटलं, अधिकाराचं बघत बसलो म्हणून तर दोन वर्षं गेली. "कशी होती?" तिनं विचारलं.

धाकटीनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, त्यांच्याकडे बघत राहिली, जणू माप घेत होती. "एवढी," ती म्हणाली. "कातडी इतकी पातळ की आतलं सगळं निळं दिसायचं. पण नखं होती. वीसच्या वीस. मी मोजली. केस होते, काळे, मागच्या बाजूला जास्त. डोळे पाचव्या दिवशी उघडले, आधी उजवा. काही दिसत नसणार, पण नर्स पेटीच्या डाव्या बाजूनं आली की कपाळाला आठ्या घालायची. फार रागीट होती गं. नळी लावायला गेलं की हात झिडकारायची. नर्स म्हणायची, ही कुणावर गेली? मी म्हटलं, हिची मावशी बघा एकदा." ती थांबली. "सातव्या दिवशी मला तिच्यावर हात ठेवू दिला. हात धुऊन, भोकातून आत घालून. माझी बोटं अशी वाकडी, मला वाटलं खरचटेल तिला. पण तिनं धरलं. हे बोट. या पेराशी." तिनं ते पेर दाखवलं. थोरलीनं हात पुढे केला आणि त्या पेराला हात लावला, आणि धाकटीनं बोट मागं घेतलं नाही.

"नाव?" थोरलीनं विचारलं. "औषधांच्या कागदांवर तर नुसतं तुझं नाव होतं."

"ठेवलं होतं आम्ही. आठव्या दिवशी, दोघांनीच. कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार?" आणि धाकटीनं ते नाव सांगितलं, हळू, इतकं हळू की थोरलीला पुढे वाकावं लागलं. तीन अक्षरं होती. थोरलीनं ती आधी मनात म्हणून पाहिली, मग तोंडानं म्हटली, चुकू नये म्हणून एकेक अक्षर नीट उच्चारून. त्या घरात ते नाव मोठ्यानं कधीच कुणी घेतलं नव्हतं. धाकटीनं डोळे मिटले होते.

"परत म्हण," ती म्हणाली.